धुरकट मशीन

"शेवटची कितवी जोडी दिसतेय?" नव्या मशीनबरोबर आलेल्या इंजिनिअरने विचारले, आणि काचेअलीकडच्या चिंचोळ्या खोलीत दाटीवाटीने उभी असलेली सगळी मंडळी पडद्याकडे झुकली.

काचेपलीकडे, एरवी जिथे रोगी झोपतो त्या टेबलावर, आज तळहाताएवढी एक पट्टी ठेवली होती. तिच्यात शिशाच्या रेघांच्या जोड्या होत्या. पहिली जोडी जाड आणि ऐसपैस, दुसरी तिच्याहून बारीक, तिसरी आणखी बारीक, असे करत करत बारावी इतकी नाजूक, की दोन रेघांच्या मधून हवा जात असेल तर नशीब. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तक्त्यावरची अक्षरे लहान लहान होत जातात ना, तसाच प्रकार. फक्त इथे परीक्षा मशीनची होती. जुन्या मशीनला पाचवीपर्यंत रेघा सुट्या दाखवता यायच्या, पुढे सगळा राखाडी काला.

"बारा," मोठे डॉक्टर म्हणाले. हा माणूस असा, की इमारतीला आग लागली म्हणून सांगितले तर आधी हातातले काम पुरे करील आणि मग विचारील, कितव्या मजल्याला? पण आज त्यांचे तोंड उघडे राहिले होते आणि ते मिटायचे त्यांना सुचत नव्हते.

दुपारच्या पाळीची टेक्निशियन पडद्याला जवळजवळ नाक टेकवून म्हणाली, की बारा तर दिसतातच, शिवाय बारावीतल्या दोन्ही रेघा अगदी सुट्या आहेत. मग सगळ्यांनी सकाळच्या पाळीच्या टेक्निशियनकडे पाहिले. एकतीस वर्षे याच खोलीत काढलेला माणूस. चित्राच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा.

"बारा," काका म्हणाले.

त्यांना सात दिसत होत्या.

काकांना सगळे रुग्णालय 'धरासोडाकाका' म्हणून ओळखायचे. छातीचे चित्र स्थिर यायचे तर रोग्याने क्षणभर श्वास रोखायला हवा, म्हणून काका माइकवरून दिवसभर एकच पाठ म्हणत. श्वास घ्या, धरा, सोडा. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली होती, की एकदा शेजाऱ्याकडे पंखा बसवताना शिडीवरून त्यांनी खालच्या माणसाला "धरा" म्हटले, आणि लगेच तोंडातून "सोडा" गेले. त्या बिचाऱ्याने खरोखरच सोडली. पंखा वाचला, काकांचा पाय महिनाभर प्लास्टरमध्ये होता, आणि त्या प्लास्टरआधीचा एक्स-रे त्यांनी स्वतःच स्वतःला सूचना देत काढला.

या कामावर त्यांचा जीव होता. मनगटातून नाहीतर मांडीतून एक बारीक तार रक्तवाहिनीत सारायची, आणि एक्स-रेच्या हलत्या चित्रात तिचा प्रवास बघत बघत ती थेट हृदयापर्यंत, मेंदूपर्यंत न्यायची. छाती फाडायची नाही, कवटी उघडायची नाही. टाचणीएवढ्या भोकातून माणूस वाचवायचा. तार सारणारे हात डॉक्टरांचे. पण त्या हातांना अंधारात डोळे देणारा टेक्निशियन. नोकरीच्या पहिल्या दिवशी काकांनी जिवंत माणसाचे हृदय पडद्यावर धडधडताना पाहिले होते, आणि त्या दिवशी त्यांना घरी जेवण गेले नव्हते. आईने विचारले तेव्हा, "मी आज आत बघितलं," एवढेच त्यांना सांगता आले.

इंजिनिअरने आता टेबलावर पाण्याची एक पेटी ठेवली होती. पेटीत काचेच्या वळणावळणाच्या नळ्या, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांसारख्या, आणि त्यांतून तो केसाहून बारीक तार पुढे ढकलत होता. सगळे श्वास रोखून पाहत होते. काकांना नळ्या दिसल्या, तारेच्या जागी मात्र धुके. त्यांचा हात आपोआप बटणाकडे गेला. चित्र फिके वाटले की किरणांचा डोस एक पायरी चढवायचा, दोन पायऱ्या चढवायचा, ही त्यांची जुनी रीत. डोस वाढला की चित्र उजळते.

मशीनने टुंग करून आवाज दिला. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा लाल झाला.

"डोस कोणी वाढवला?" इंजिनिअर हसत म्हणाला. "काका, गरजच नाही. सगळ्यात खालच्या पायरीवर एवढं स्वच्छ दिसतंय. हे मशीन प्रत्येक वाढीची नोंद ठेवतं बरं का."

"जुनी सवय," काका म्हणाले आणि तेही हसले. मग त्यांनी हात बटणापासून लांब नेला.

जुन्या मशीनला नोंदी ठेवण्याची अक्कल नव्हती. तिथे रजिस्टरमध्ये डोसचा एक रकाना होता, आणि त्या रकान्यात 'नेहमीप्रमाणे' असे लिहायची खात्याची पद्धत. पुढे पुढे तर नुसता 'ने.' लिहीत. काकांनी गेली दोन वर्षे पानेच्या पाने 'ने.' लिहिले होते. आणि त्याच दोन वर्षांत काकांच्या चित्रांचे कौतुक वाढले होते. जुन्या खटाऱ्यातून इतके उजळ चित्र काढावे तर काकांनीच, असे मोठे डॉक्टर पाहुण्यांना सांगत. काका वर म्हणत, मशीन धुरकट झालेय, मी म्हणून रेटतोय.

जेवणाच्या सुट्टीत ते मागच्या बोळात गेले. जुन्या मशीनचे सुटे भाग तिथे भिंतीला टेकवून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी गाडी येऊन ते घेऊन जाणार होती. समोरच्या भिंतीवर आग विझवण्याच्या सूचनांचा तक्ता होता. काकांनी डावा डोळा झाकला. अक्षरे धुरात. उजवा झाकला. धूर जरा कमी, पण धूरच. तिथे मशीन नव्हते, पडदा नव्हता, दोष द्यायला कुणीसुद्धा नव्हते. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली होती.

आणि मग त्यांना जुन्या मशीनवरच्या सिस्टरची आठवण झाली. खरे तर आठवण झाली असे म्हणणे चूक. सकाळपासून ती बाई त्यांच्या मनात दारापाशी येऊन उभीच होती, त्यांनी आत घेतली नव्हती.

या खात्यातल्या सगळ्यांच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. अंगावर किती किरणे पडली ते त्यात साठते, आणि दर तीन महिन्यांनी बिल्ले तपासायला जातात. मागच्या खेपेला सिस्टरांच्या बिल्ल्याचा आकडा सावधगिरीच्या मर्यादेबाहेर आला. डॉक्टरांचाही वाढला होता, पण थोडा. सिस्टर रोग्याच्या अगदी कुशीशी उभ्या राहून तारा, नळ्या, इंजेक्शने हातात देत. चौकशी बसली. मशीन तपासले, ते वयाच्या मानाने ठीक निघाले. मग दोष राहिला माणसाचा. टेबलाजवळ छताला शिशाची एक पारदर्शक काच टांगलेली असते, तिच्या आड उभे राहायचे असते. सिस्टर आड उभ्या राहत होत्या का? काकांना विचारले. काकांनी प्रामाणिकपणे लिहून दिले, की सिस्टर काचेच्या आड नसतात, असे मी स्वतः पाहिले आहे. सही केली. सिस्टरांची बदली जनरल वॉर्डात झाली आणि निष्काळजीपणाची नोंद त्यांच्या फाइलला लागली. अकरा वर्षांचे शिक्षण आणि सराव असलेली बाई तीन महिने चादरी बदलत होती.

संध्याकाळी घरी काका दिवा न लावता बसले. बायकोने येऊन बटण दाबले आणि चेष्टेने म्हणाली, की आज दिव्याबद्दल काही तक्रार नाही वाटते? स्वयंपाकघरातला बल्ब तीनदा बदलून घेतला, बाहेरची ट्यूब दोनदा; दिवे बनवणाऱ्यांनी तुमचा फोटो लावला असेल कारखान्यात. काका हसले नाहीत. त्यांनी तिला समोर बसवले आणि सगळे सांगितले. रेघा, डोस, रजिस्टर, सिस्टर.

बायकोने सगळे ऐकून घेतले. मग तिने बायकोच विचारील असा प्रश्न विचारला.

"निवृत्तीला आठ महिने राहिलेत. जुनं मशीन उद्या जातंय. तुम्ही नाही बोललात तर कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही."

"डोळ्यांचं ऑपरेशन गुपचूप करून घेता येईल. रजा आहे तुमची."

"येईल."

हिशेब चोख होता. काकांनीही दुपारपासून तो दहादा मांडला होता आणि दरवेळी तो चोखच निघाला होता. बायको उठून आत गेली, ओट्यापाशी काहीबाही हलवले, आणि पुन्हा दारात आली.

"तुमची ती सिस्टर मला रोज सकाळी बसस्टॉपवर दिसते," ती म्हणाली. "आधी हाक मारायची. आता खाली बघून उभी असते. मला वाटायचं, चूक केली म्हणून लाजत असेल."

एवढे बोलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी नव्या मशीनवरची पहिली केस होती. एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला मोहरीएवढा फुगा आला होता. फुटला तर संपले. डॉक्टर हात धुवायला निघाले होते तेव्हा काकांनी त्यांना गाठले.

"साहेब, मला काल बारा दिसल्या नाहीत. सात दिसल्या."

डॉक्टरांना आधी उमगेना. मग काकांनी एका दमात सांगून टाकले: डोळ्यांवर पडदा आलाय, चित्र फिकं वाटतं म्हणून दोन वर्षं डोस चढवत आलो, मशीन धुरकट नव्हतं. सिस्टरांचा आकडा माझ्यामुळे वाढला.

"किती चढवत होतात?"

"दोन पायऱ्या. कधी तीन."

डॉक्टर हात धुवायच्या बेसिनच्या कडेला टेकले. त्यांच्याही छातीवर बिल्ला होता. मनातल्या मनात ते काय मोजत होते ते दिसत होते; इतकी वर्षे, इतक्या केसेस. काका शिव्या खायच्या तयारीने उभे होते. शिव्या आल्या असत्या तर बरे वाटले असते.

"चित्र छान येतंय म्हणून मी तुमचं कौतुक करत राहिलो," डॉक्टर शेवटी म्हणाले. "का छान येतंय, हे एकदाही विचारलं नाही मी." मग त्यांनी नळ सोडला. "दुपारवालीला बोलवून घ्या. आणि जे बोललात ते कागदावर द्या."

केस दुपारवालीने चालवली. शिवणकामवाली वाचली, संध्याकाळी ती बोटे हलवून दाखवत होती. काका त्या वेळी जनरल वॉर्डात उभे होते. सिस्टर एका म्हातारीची सलाइनची बाटली बदलत होत्या. काकांचे सांगणे त्यांनी बाटलीकडे बघतच ऐकले, थेंब मोजले, नळी सारखी केली.

"मी घरी दोरीनं मापून बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "टेबलापासून मी किती लांब असते. आरशासमोर उभं राहून. आपलं कुठे चुकलं ते शोधत होते."

काकांनी माफ करा म्हटले.

"आत्ता मला काम आहे, काका," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

काकांच्या हाती कागद पडला: पुढील निर्णय होईपर्यंत मशीनला हात लावू नये. तो निर्णय काही लवकर होणार नव्हता. निवृत्ती त्याच्या आधी येणार हे शिपायालासुद्धा ठाऊक होते. त्यांना रेकॉर्डच्या खोलीत बसवले. एकेक करून दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला. तरुणपणी किरणे अडवणारा शिशाचा चष्मा जड होतो म्हणून खुंटीला टांगून ठेवला होता, त्याची ही भरपाई, असे डोळ्यांच्या डॉक्टरने हसत सांगितले आणि काकांनीही हसून घेतले. पट्टी सुटली तेव्हा त्यांना पहिल्यांदा बायकोचे पांढरे केस दिसले. किती होते! त्यांनी तसे म्हटल्यावर ती म्हणाली, की पुन्हा पट्टी बांधून घ्या.

सात आठवड्यांनी सिस्टर रेकॉर्डच्या खोलीच्या दारात आल्या. त्यांना परत मशीनवर घेतल्याचे काकांनी ऐकले होते, पण गाठ पडली नव्हती. आत न येता त्या म्हणाल्या, उद्या दहाला एक केस आहे, बघायला या.

काका गेले. काचेअलीकडे, मागच्या कोपऱ्यात, हात पाठीशी बांधून उभे राहिले. खुर्चीवर दुपारवाली होती. टेबलावर एक बसड्रायव्हर भूल देऊन झोपवलेला, त्याच्याही मेंदूत तसाच फुगा. डॉक्टरांनी मांडीतून नळी वर नेली आणि रक्तवाहिन्या चित्रात उमटाव्यात म्हणून रंग सोडला.

काकांनी एकतीस वर्षांत हजारो वेळा हे पाहिले होते. पण हे त्यांनी कधीच पाहिले नव्हते. मानेतून एक काळी धार वर चढली, वळली, दुभंगली. तिच्या फांद्या झाल्या, फांद्यांना डहाळ्या, डहाळ्यांना आणखी डहाळ्या, आणि जिथे आता संपले असे वाटावे तिथूनही पुढे काहीतरी निघतच होते, इतके बारीक, की नजर मागे राहायची आणि ते पुढे जायचे. मग सगळ्या मेंदूभर एक हलकी सावली पसरली, दुसऱ्या वाटांनी गोळा होऊन खाली उतरली, आणि पडदा पुन्हा कोरा. पाच-सहा सेकंदांचा खेळ. काकांच्या अंगावर काटा आला. एवढे सगळे प्रत्येकाच्या डोक्यात रात्रंदिवस चाललेले असते, आणि माणूस बस चुकली म्हणून चिडतो! त्यांना वाटले, आई असती तर आज सांगता आले असते. आज तरी नीट सांगता आले असते.

फुगा आतून भरून बंद करायला त्यात केसाएवढी प्लॅटिनमची तार वेटोळे घालत शिरत होती. एक वेटोळे, दुसरे, तिसरे. प्रत्येक वेगळे दिसत होते. कोपऱ्यातला डोसचा आकडाही त्यांना वाचता येत होता. सगळ्यात खालची पायरी. काकांचे डोळे भरून आले, आणि इतक्या मुश्किलीने स्वच्छ झालेले डोळे पुन्हा धूसर करायचे नाहीत म्हणून त्यांनी ते घाईने पुसले.

मग त्यांनी पडद्यावरून नजर काढून काचेपलीकडे पाहिले. टेबलाजवळ सिस्टर उभ्या होत्या. त्यांच्या आणि टेबलाच्या मध्ये छतापासून लोंबणारी शिशाची काच होती. इतकी नितळ, की तिची फक्त कड दिसत होती. दिव्याखाली एक बारीक उभी रेघ. सिस्टर हात पुढे करत तेव्हा हात तेवढा कडेबाहेर येई, बाकी अंग काचेच्या आड.

काका त्या रेघेकडे बघत राहिले. एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला; रेघ तिथेच होती.

केस संपली. सिस्टर बाहेर आल्या, टोपी काढली, त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दोघेही रिकाम्या टेबलाकडे पाहत होते.

"दिसलं?" त्यांनी विचारले.

"दिसलं."

"सगळं?"

"तुम्ही कुठे उभ्या होतात तेही."

सिस्टरांनी हातातल्या टोपीची घडी घातली.

"मी तेव्हाही तिथंच उभी असायचे, काका," त्या म्हणाल्या. "ऑफिसनं मला परत घेतलं, पण निष्काळजीपणाची ती नोंद काढली नाही. म्हणाले, डोसचं काकांनी कबूल केलं, पण काचेचं त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे."

काकांनी मान डोलावली. दोघे मिळून ऑफिसात गेले. कारकुनाने जुना कागद शोधून दिला, कोरा कागदही दिला. काका उभ्याउभ्याच टेबलावर ओणवे झाले आणि त्यांनी लिहिले: काच तेथे होती व सिस्टर तिच्या आड उभ्या असत. मला ती काच दिसत नव्हती. मी पाहिले आहे असे लिहिले ते खोटे ठरले आहे. त्यांनी सही केली आणि कागद आधी सिस्टरांच्या हातात दिला.

सिस्टरांनी तो सावकाश वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या.

काकांनी तारीख घातली.